पाना कोणाच्या हाती असावा?

"आपला हात जगन्नाथ" अशी आपल्या मराठीत एक म्हण आहे. दुसऱ्यावर विसंबून न राहता आपले काम आपणच करावे, असा तिचा अर्थ आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. ज्या मुलखात आपण राहतो त्या गुजरातेत एक निराळी म्हण ऐकू येते आणि ती मराठी माणसांच्याही तोंडी चांगलीच बसली आहे : "जेनुं काम तेनुं थाय, बीजा करे सो गोता खाय." ज्याचे काम त्यानेच करावे, दुसरा करू जाईल तर गटांगळ्या खाईल. भेस्तानसारख्या वस्तीत, जेथे खानदेशातून आलेली कुटुंबे आणि गुजराती शेजारी भिंतीला भिंत लावून राहतात, तेथे या दोन्ही म्हणी एकाच अंगणात नांदतात. एरवी त्यांचे छान जमते. परंतु घरातील गाडी मोठी बिघडली आणि "इंजिन खोलावे लागेल" असे शब्द कानी पडले, की या दोघींचे भांडण सुरू होते. एक म्हणते, "घरचा मुलगा हुशार आहे, चार पाने आणा आणि घरीच उघडा." दुसरी म्हणते, "मुकाट्याने गॅरेजात न्या." या भांडणाचा निवाडा कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. भेस्तान हे पश्चिम रेल्वेवर सचिन आणि उधना यांच्यामधील स्थानक. एका बाजूस सचिनची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस पांडेसरा आणि उधना येथील कारखाने. येथील असंख्य घरांतील कर्ता पुरुष मोटारसायकलीवरून पाळीवर जातो. कित्येक घरांची चूल तर रिक्षा किंवा छोटा टेंपो यांच्यावरच पेटते. सणासुदीला, लग्नकार्याला गावी जावयाचे म्हणजे कोणी उधना-जळगाव मार्गावरील गाडी पकडतो, तर कोणी बारडोली, व्यारा, नवापूर असा रस्ता धरून स्वतःच्या वाहनाने कोंडाईबारीचा घाट ओलांडतो. अशा घरात गाडी बंद पडली म्हणजे मिळकत बंद पडते. आणि गाडी वाईट दुरुस्त झाली म्हणजे घाटातील एखाद्या वळणावर जिवाशी गाठ पडते. पैसा आणि जीव या दोन्ही गोष्टी जेथे पणाला लागतात, तेथे केवळ हौसेने किंवा केवळ भीतीने निर्णय घेणे योग्य नव्हे.

प्रथम "मोठी दुरुस्ती" कशाला म्हणावे ते पाहू. टायरात हवा भरणे, साखळीला तेल देणे, प्लग पुसणे, ऑइल बदलणे, दिव्याचा गोळा बदलणे ही निगा झाली. तिला दुरुस्तीही म्हणू नये. क्लचची तार बदलणे, पंक्चर काढणे ही लहान दुरुस्ती. परंतु जेथे बंद असलेले अंतरंग उघडावे लागते, जेथे झिजलेल्या भागांतील मापे पुन्हा बिनचूक जुळवावी लागतात, किंवा ज्या भागाच्या भरवशावर गाडीतील माणसांचे प्राण असतात, ती मोठी दुरुस्ती. पिस्टनच्या रिंगा बदलणे, सिलिंडरचे बोअर करणे, गिअरपेटी उघडणे, ब्रेकची यंत्रणा नव्याने बसविणे, सुकाणूचा सांधा बदलणे ही त्याची उदाहरणे होत.

हा भेद यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. मागावर सूत तुटले तर कारागीर स्वतःच क्षणात गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. त्यासाठी तो कोणाला हाक मारीत बसला तर पाळीभर कापडच निघणार नाही. परंतु मागाचा मेळच चुकला, धोटा वेळेवर सुटेनासा झाला, तर तोच कारागीर हात आखडतो आणि मास्टरला बोलावतो. यात त्याचा कमीपणा नाही. कोणती गाठ आपली आणि कोणता मेळ दुसऱ्याचा हे ओळखणे, हाच त्याच्या कौशल्याचा एक भाग आहे.

मोटारीच्या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानावर या विवेकाचे एक सुंदर उदाहरण आढळते. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले. ही गाडी लांबचा पल्ला गाठू शकते यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला आधी न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीतून निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत गॅरेज नव्हते, कारण जगात गॅरेज म्हणून काही अस्तित्वातच आलेले नव्हते. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीला लावण्याच्या लांब टाचणीने ती स्वतः मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले तेव्हा पायमोज्याच्या बंदाने ते झाकले. पण साखळीने दगा दिला तेव्हा त्यांनी लोहाराचे दार ठोठावले, आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. म्हणजे पहिल्या लांब मोटारप्रवासातच दोन्ही म्हणी खऱ्या ठरल्या. नळीतील कचरा निघाला की नाही हे त्यांना स्वतःला पाहता येत होते. तप्त लोखंड जुळविणे मात्र लोहाराच्या हाताचे काम होते. बेर्टाबाईंना गाडीची पुरती ओळख होती, म्हणूनच कोणत्या कामाला कोणाकडे जावे हे त्यांना कळले.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. मोठी दुरुस्ती घरी करावी की बाहेर, हे ठरविताना क्रमाने चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न खर्चाचा. बहुतेक घरांत विचाराला येथूनच आरंभ होतो आणि दुर्दैवाने येथेच शेवटही होतो. "मजुरी वाचेल" एवढेच गणित मांडले जाते. परंतु हे गणित अपुरे आहे. उदाहरणादाखल असे समजा की, एका रिक्षाचे इंजिन उघडून बांधण्याची मजुरी ४,००० रुपये आहे. सुटे भाग घरी केले तरी विकत आणावेच लागणार, म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखेच. सर्व खर्च वजा जाता ती रिक्षा दिवसाला ७०० रुपये मिळवून देते. मेकॅनिक काम दोन दिवसांत पुरे करतो. आपणांस ते शिकत शिकत सात दिवस लागतील. म्हणजे रिक्षा पाच दिवस अधिक उभी राहणार आणि ३,५०० रुपये बुडणार. उरले ५००. त्यातून काही भाग ओढून काढण्याचा पुलर आणि विशिष्ट जोर मोजणारा टॉर्क पाना यांसारखी हत्यारे आणावयाची म्हटले आणि त्यांना २,००० रुपये पडले, तर बचत दूरच राहिली, उलट १,५०० रुपये पदरचे गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. याच्या उलट, घरात दोन मोटारसायकली असून त्यांपैकी जुनी अडीअडचणीलाच बाहेर निघत असेल, हत्यारे शेजारच्या जाणत्या माणसाची मिळत असतील, तर गणिताचे उत्तर बदलेल. आकडे प्रत्येकाने आपल्या घरचे घालावेत. मांडणी मात्र हीच ठेवावी. मजुरी, बुडालेले दिवस, हत्यारांची किंमत आणि चुकून मोडलेल्या भागाची भरपाई, या चारही रकमा कागदावर आल्याशिवाय "वाचले" हा शब्द उच्चारू नये.

दुसरा प्रश्न असा : काम अर्ध्यावर अडले तर? चाक काढून बसविता आले नाही, तर चाक घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाता येते. परंतु उघडलेले इंजिन म्हणजे शेकडो भाग. त्यांतील कोणता वायसर कोठला, कोणती बाजू वर, हे विसरले म्हणजे तो पसारा पोत्यात भरून मेकॅनिककडे न्यावा लागतो. दुसऱ्याने उघडलेले यंत्र बांधणे हे कोणत्याही कारागिराला नकोसे असते, कारण काय हरवले आणि काय उलटे बसले होते हे त्याला ठाऊक नसते. तो अधिक पैसे मागेल आणि त्यात त्याचे चुकणारही नाही. गाडी नवी असून कंपनीच्या हमीच्या मुदतीत असेल, तर घरी उघडलेल्या भागावरील हमीचा हक्कही हातचा जाऊ शकतो. म्हणून ज्या कामातून कोणत्याही पायरीवर सुखरूप मागे फिरता येते, तेच काम नवशिक्याने हाती धरावे.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर. चूक झाली तर काय घडेल? काही चुका गाडी थांबवितात, तर काही चुका गाडी थांबू देत नाहीत. प्लग नीट बसला नाही तर गाडी सुरूच होणार नाही. संताप होईल, पण इजा होणार नाही. ब्रेक नीट बसला नाही तर मात्र गाडी सुरू होईल, गल्लीत चांगली चालेलही, आणि दगा देईल तो भर वेगात.

येथे विज्ञानाच्या तासाला शिकलेले थोडे आठवावे. मोटारसायकल आणि तिच्यावरील दोन माणसे मिळून २५० किलोग्रॅम वजन धरले आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ३५,००० ज्यूल भरते. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी न होता चौथ्या हिश्शावर येते. म्हणजेच वेग दुप्पट केला की ब्रेकवरील भार चौपट होतो. थांबताना ही जवळजवळ सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. घाट उतरताना तर आणखी भर पडते. तेवढेच वजन शंभर मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २,४५,००० ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. म्हणजे वरील सात थांब्यांइतकी. तिचा काही वाटा इंजिन आणि हवा उचलतात, बाकीचा ब्रेकने सोसावयाचा असतो. डिस्क ब्रेकमधील द्रव पदार्थ हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीचा द्रव ताजा असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा मुरल्यानंतर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली आलेली चालते. द्रव उकळला की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून ब्रेकचा दांडा हाताला पोकळ लागतो आणि चाक थांबत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहू देणाऱ्या हौशी दुरुस्तीचाही परिणाम असाच होतो. यास्तव ब्रेक, सुकाणू आणि चाकाचे बेअरिंग यांची मोठी कामे अनुभवी हाताकडेच सोपवावीत.

सी.एन.जी.च्या बाबतीत तर विचार करण्यासही जागा नाही. रिक्षाच्या टाकीत हा वायू सुमारे २०० बार दाबाने, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट दाबाने, कोंडलेला असतो. त्या टाकीची दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. त्या नळ्यांना आणि झडपांना घरचा पाना कधीही लावू नये. विजेवर चालणाऱ्या नव्या स्कूटरांच्या बॅटरीची पेटी उघडण्याच्या बाबतीतही हेच समजावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विचारला जात नाही. काम बरोबर झाले हे आपणांस तपासता येईल काय? यंत्र उघडता येणे हे फारसे कठीण नसते. पाना बसला की नट सुटतो. बंद करता येणेही जमते. परंतु बंद केलेले यंत्र आतून बरोबर आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? साखळी किती ढिली आहे ते पट्टीने मोजता येते, ऑइल गळते की नाही ते खाली पुठ्ठा ठेवून सकाळी पाहता येते, दिवा लागला की नाही ते डोळ्यांना दिसते. ही कामे घरी करण्यास हरकत नाही, कारण त्यांचा निकाल घरी लागतो. चार टप्प्यांच्या इंजिनातील झडपांजवळची फट मात्र लहान मोटारसायकलींत अनेकदा ०.०५ ते ०.१० मिलिमीटर इतकीच राखावयाची असते. म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही; तिच्यासाठी पातळ पोलादी पट्ट्यांची मापी लागते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील अंतरही मिलिमीटरच्या शतांश भागांतच मोजले जाते.

नट आवळण्याचेही तसेच. प्लग साधारणतः १० ते १५ न्यूटन-मीटर इतक्या आघूर्णाने आवळावयाचा असतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास ६० न्यूटन, म्हणजे सुमारे सहा किलोग्रॅम वजनाइतका, जोर दिला की १२ न्यूटन-मीटर होतात. तरुण मुलाचा हात याच्या तिप्पट जोर सहज लावतो. आवळणाऱ्याला वाटते काम पक्के झाले. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमच्या माथ्यातील आटे निघून गेलेले असतात. कमी आवळला तर नट सुटतो आणि जास्त आवळला तर आटे जातात. या दोहोंच्या मधली जागा अनुभवी हाताला सवयीने आणि इतरांना टॉर्क पान्यानेच सापडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सिलिंडर झिजला असेल तर चांगला मेकॅनिकसुद्धा तो स्वतः कापीत बसत नाही. तो सिलिंडर काढून बोअर करणाऱ्या कारखान्यात पाठवितो आणि काम झाले की माप तपासून परत घेतो. ज्याचे सारे आयुष्य इंजिनात गेले तोही आपल्या कामाची सीमा ओळखतो. जे माप आपल्याजवळच्या साधनाने राखता येत नाही, ते ज्याच्याजवळ साधन आहे त्याच्याकडे द्यावे, हा नियम तो पाळतो. मग आपण तो मोडण्यात कसले शौर्य?

कायद्याची दृष्टीही याच मुद्द्यावर येऊन ठेपते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा अपराध आहे, आणि तो दोष माहीत असला तरच अपराध, असे नव्हे. साधी काळजी घेतली असती तर जो कळू शकला असता, तो दोषही त्यात मोडतो. "मला ठाऊक नव्हते" ही सबब म्हणूनच अपुरी पडते. रिक्षा, टेंपो यांसारख्या व्यवसायाच्या वाहनांना योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिल्या आठ वर्षांत त्याची मुदत दोन वर्षांची आणि पुढे एकेक वर्षाची असते. कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करण्यासही त्याच कायद्याचे कलम ५२ आड येते.

यंत्रेही आता पूर्वीची राहिलेली नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची कडक मर्यादा लागू झाली. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींत बहुतांशी कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी विद्युत्-नियंत्रित यंत्रणा आली. जुन्या कार्ब्युरेटरचा पेच थोडा इकडे तिकडे फिरवून कानाने आवाज जुळविता येत असे. नव्या यंत्रणेतील दोष शोधण्यास संगणकाला जोडावयाचे उपकरण लागते. म्हणजे वडिलांनी तरुणपणी जे अंगणात बसून केले ते मुलाला त्याच रीतीने करता येईलच असे नाही. हुशारी तीच आहे, पण तपासण्याचे साधन बदलले आहे.

काही प्रसंगी तर हात न लावणे हीच दुरुस्ती ठरते. सुरतकरांना हे पाण्याने शिकविले आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. एरवीही जोरदार पावसाळ्यात खाड्या फुगून सखल वस्त्यांत पाणी शिरते. पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु सिलिंडरात पाणी गेले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही, आणि त्या धक्क्याने पिस्टनचा दांडा वाकतो. शिवाय चिखलाचे पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगे खाऊन टाकते. थोड्या खर्चात सुटणारे काम एका किकने मोठ्या खर्चाचे होते. अशा वेळी घरच्या माणसाने एवढेच करावे : किल्ली फिरवू नये, किक मारू नये, जमत असेल तर बॅटरीची तार सोडवावी आणि गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे गाडी गॅरेजात टाकावी आणि स्वस्थ बसावे, हाच उपदेश ना?" तसे मुळीच नाही. मेकॅनिककडे काम देणे म्हणजे आपले डोळे त्याच्याकडे गहाण ठेवणे नव्हे. ज्याला गाडीची काहीच माहिती नाही तो जे सांगितले ते मान्य करतो, आणि मग कधी फसविला गेल्याचा संशय घेत राहतो तर कधी खरोखरच फसतो. ज्याला थोडी माहिती आहे तो चांगले प्रश्न विचारतो. बिघाड काय आहे आणि तो कशावरून ठरविला? कोणते भाग बदलणार? अंदाजे खर्च किती? उघडल्यावर आणखी काही निघाले तर आधी विचारणार ना? हे सर्व चिठ्ठीवर लिहून घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. झिजलेली रिंग आणि नवी रिंग शेजारी ठेवली की पुष्कळ समजते. गाडी घेताना मेकॅनिकच्या समोर ती चालवून पाहावी, ब्रेक मोकळ्या जागी सावकाश वेगात तपासावा, आणि काही दिवसांनी नट पुन्हा तपासून घ्यावेत. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही. उलट आपल्या कामाची कदर करणारा माणूस भेटला म्हणून तो खूश होतो.

त्याची मजुरी देतानाही हात आखडू नये. आपल्या देशात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. कित्येकजण शाळेच्या पायरीवरून थेट गॅरेजात येऊन उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबतात. आपण जी मजुरी देतो ती त्या दोन तासांची नसते. त्या दोन तासांमागच्या वर्षांची ती असते.

मोठ्या संस्थांत हे श्रमविभाजन किती नीटनेटके असते, याचा नमुना आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली. आज महाराष्ट्रभर पसरलेल्या या सेवेत रोजची निगा आगारात होते, मोठी कामे विभागीय कार्यशाळेत जातात, आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसगाड्यांची बांधणी होते. चालक इंजिन उघडीत नाही. पण गाडीचा आवाज बदलला, ब्रेक खोल लागला, तर ते सर्वांआधी त्यालाच कळते आणि त्यानेच ते कळवावयाचे असते. घरातही अशाच तीन पायऱ्या कराव्यात. निगा घरी, बिघाडाचे काम गॅरेजात, मापाचे आणि धोक्याचे काम त्या त्या विषयाच्या जाणकाराकडे.

तर मग ज्या विद्यार्थ्याला यंत्राची खरी ओढ आहे त्याने काय करावे? त्याने अवश्य शिकावे. मात्र शिकण्याची गाडी आणि कमाईची गाडी एक असू नये. रस्त्यावर जाण्याची घाई नसलेली एखादी जुनी मोटारसायकल मिळाली, शेजारी जाणता माणूस बसला, तर इंजिन उघडण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. प्रत्येक भाग काढताना त्याचे चित्र काढावे, ओळीने कापडावर मांडावा, माप लिहून ठेवावे. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली आधाराचे ठोकळे लावल्यावाचून शिरू नये. पेट्रोल हाताळताना जवळ आग नसावी. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा खाडीत न ओतता डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. एवढी शिस्त पाळणारा मुलगा चार-सहा वर्षांनी अशा जागी पोहोचेल की, चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याला "होय, तपासता येईल" असे देता येईल. त्या दिवशी मोठी दुरुस्ती त्याच्या हक्काची झाली. तोवर अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये.

शेवटी एक काम असे आहे की, जे आजच, एकही नट न उघडता, प्रत्येक विद्यार्थ्याला करता येईल. बारा-बारा तासांची पाळी करून आलेल्या वडिलांना गाडीकडे पाहण्याची उसंत नसते. आपण एक वही घालावी. ऑइल कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर बदलले, टायर केव्हा घेतला, ब्रेकचे शू किंवा पॅड केव्हा बसविले, विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र केव्हा संपते, मेकॅनिकने काय सांगितले, हे तीत नोंदवावे. दर रविवारी हवा, साखळी, दिवे आणि ब्रेक पाहावेत आणि जे वेगळे दिसेल ते लिहावे. मोठा बिघाड बहुधा आधी लहान खुणा दाखवून येतो. वहीत त्या खुणा पकडल्या जातात आणि इंजिन खोलण्याची पाळीच पुष्कळदा टळते. पाना वडिलांच्या हाती असो, आपल्या असो किंवा मेकॅनिकच्या असो. गाडीवर डोळा मात्र घरच्या माणसाचाच असला पाहिजे. ही नजर ज्या घरात आहे तेथे दोन्ही म्हणींचे भांडण आपोआप मिटते, आणि पाळीवर गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप दारात येतो.